सर सापडत नाहीत

८ जानेवारी, सोमवार

डॉक्टरांनी नोंद ठेवायला सांगितली आहे. रोज किती चाललो, दम लागला का, छातीत काही वाटलं का. हिने लगेच एक जाडजूड डायरी आणून समोर ठेवली आणि पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने तीन रकाने आखून दिले. इतिहासाच्या मास्तरला तीन रकान्यांत गप्प बसवता येईल असं तिला वाटत असेल, तर सत्तावीस वर्षांच्या संसारात ती काहीच शिकली नाही.

चाललो : घर ते शाळा, शाळा ते घर.
दम : नाही.
छाती : जागेवर आहे.

आता खरी बातमी. मोठ्या बाईंनी (म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, वयाने माझ्यापेक्षा लहान, पण खुर्ची मोठी) मधल्या सुट्टीत सगळ्या शिक्षकांना बोलावलं आणि जाहीर केलं, की येत्या सोमवारपासून प्रत्येक वर्गाला रोज एक खेळाचा तास. वेळापत्रकात तो पूर्वीही होता, पण ज्याचा अभ्यासक्रम मागे पडला असेल त्याची ती जहागीर असायची. गणिताच्या बाई तर त्या तासाला सरळ ‘माझा तास’ म्हणत. आता ते बंद. शिवाय वर्गशिक्षकाने मुलांबरोबर मैदानात उतरायचं. “शिट्टी घेऊन उभं राहायचं नाही, खेळायचं,” बाई म्हणाल्या. फेब्रुवारीच्या शेवटी पालकांना बोलावून खेळ दाखवायचा. त्यांना पटलं तर तास पुढच्या वर्षीही राहील.

मग माझ्याकडे वळून, सगळ्यांच्या देखत, अगदी मायेने : “सर, तुम्ही मात्र खुर्ची टाकून सावलीत बसा हं.”

सावलीत! गेल्या उन्हाळ्यात हृदयाच्या एका नळीत एवढीशी स्प्रिंग बसवली, तेव्हापासून जो तो मला सावलीत बसवायला निघाला आहे. मी म्हणालो, “मी खेळणार.” बोलून गेलो खरा. शेवटचं कधी पळालो ते आठवत नाही. बहुधा बस पकडायला, आणि तीही सुटली होती.

हिला अजून सांगितलेलं नाही. विषय निघाला की सांगेन. विषय मी काढणार नाही.

१५ जानेवारी, सोमवार

माझा वर्ग, पाचवी ब, मैदानात. मैदान म्हणजे शाळेच्या मागची मोकळी जागा. एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला सायकली, मध्ये एक झाड. मला वाटलं होतं, सोडल्याबरोबर पोरं उधळतील. कसलं काय! दोन रांगा करून उभी राहिली आणि विचारायला लागली, “सर, काय करायचं?” म्हटलं, खेळायचं. “काय खेळायचं?” म्हटलं, पकडापकडी. “सर, वहीत लिहायचंय का?”

शेवटी वर्गाची मॉनिटर पुढे झाली. तिला मी वकील म्हणतो, कारण तिच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही, मीसुद्धा. तिने भराभर नियम सांगितले. झाड म्हणजे घर, सायकलींकडे जायचं नाही, ज्याच्यावर राज्य त्याने आधी दहा आकडे मोजायचे. पहिलं राज्य कोणावर? “सरांवर!” सगळी एका सुरात.

पळालो. पोट एक पाऊल मागून येत होतं. कोणीच सापडेना. शेवटी एक जण बुटाची नाडी बांधायला थांबला, त्याच्यावर झडप घातली. राज्य गेलं म्हणून सुटकेचा श्वास घेतोय तोच पाठीत थाप. रॉकेट! सगळे त्याला हेच म्हणतात. हा पोरगा वर्गात बाकावर मान टाकून असतो, आणि इथे बघावं तर पायाला चाकं. “सर आऊट!” असा काही ओरडला, की टाकीवरचे कावळे उडाले. मग आठवण होऊन “सॉरी सर” म्हणाला. म्हटलं, सॉरी कसलं, परत पकडून दाखव. त्याने दाखवलं.

एक गंमत बघितली. एक बारकीशी मुलगी सगळ्यांच्या मधून पळत होती आणि तिला कोणी हातच लावत नव्हतं. माझ्या शर्टाच्या बटणाएवढी पोर. मी तिचं नाव बटण ठेवलं. वकिलाला विचारलं, तर म्हणाली, “सर, ती कच्चं लिंबू आहे. तिला दमा आहे ना. तिच्या आईने सांगितलंय. ती खेळते, पण आऊट होत नाही आणि तिच्यावर राज्य येत नाही.” किती समंजस पोरं! मला भरून आलं.

चाललो : हिशेब नाही.
दम : थोडा.
छाती : धडधडली, पण खुशीने.

१६ जानेवारी, मंगळवार

पिंढऱ्या धरल्यात. फळ्यावर लिहिताना सारखा पाय बदलत होतो. हिने विचारलं, लंगडताय का? म्हटलं, खडू पडला होता, तो उचलायला वाकलो. ती माझ्या पँटवरच्या धुळीकडे बघत राहिली, पण बोलली काहीच नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१९ जानेवारी, शुक्रवार

योगायोग बघा. मुली स्कर्ट सावरत पळतात म्हणून मोठ्या बाईंनी सगळ्यांसाठी सैल पँट शिवून घ्यायचं ठरवलं, आणि ते काम आमच्या हिला मिळालं. ही घरी शिवणकाम करते, हात चांगला आहे, तेव्हा काम मिळण्यात नवल नाही. बाईंचा फोन आला म्हणे. की हिनेच केला होता? काहीतरी गोल गोल बोलली.

सुरुवात माझ्या वर्गापासून करणार आहे. मी सुचवलंही नव्हतं.

२२ जानेवारी, सोमवार

ही आज टेप घेऊन शाळेत आली. हॉलचं दार लावून पाचवी ब ची मापं घेतली. मी डोकावलो तर म्हणाली, “अहो, मुलींची मापं चाललीत, जा तुम्ही.” मग मुलगे आत काय करत होते? एका वर्गाची मापं घ्यायला अख्खी मधली सुट्टी गेली आणि वर पुढचा अर्धा तास. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. कापडाच्या खडूची भुकटी गेली असणार, घरीही जाते.

पोरंही गप्पगप्प. रॉकेट माझ्याकडे असा बघत होता, जणू मी काचेचा आहे.

पण खरी बातमी पुढे आहे. आज खेळाच्या तासाला मी एकदाही आऊट झालो नाही! एकदाही!

२४ जानेवारी, बुधवार

आजही नाही. मला वाटतं, मला युक्ती सापडली आहे. सरळ पळायचं नाही. दोन पावलं डावीकडे, मग थांबायचं, मग उजवीकडे. शुद्ध गनिमी कावा. भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. रॉकेट माझ्या अंगावर येता येता सपाट जमिनीवर पाय घसरून पडला. इतका वेगवान पोरगा, पण मी वळलो आणि गेला कोलमडून. उचलून उभं केलं, म्हटलं, नुसता वेग कामाचा नाही रे, डोकं लागतं. “हो सर,” म्हणाला. गुणी आहे.

शिपाईमामांनाही खेळाची गोडी लागली आहे. पाण्याची बाटली घेऊन मैदानभर माझ्या मागे-मागे. मी जिकडे जाईन तिकडे खुर्चीही सरकवतात. म्हटलं, “मामा, नुसते बघता काय, खेळा की.” तर म्हणाले, “खेळतोच आहे सर.”

हल्ली हिचा भाजीचा रस्ता शाळेवरून जातो. भाजीबाजार उलट्या दिशेला आहे. तिकडे भाजी शिळी मिळते म्हणे. रोज तासाच्या वेळी फाटकाबाहेर तिची पिशवी दिसते.

चाललो : भरपूर.
दम : अजिबात नाही.
छाती : पुढे.

३० जानेवारी, मंगळवार

नवा खेळ काढला, विषामृत. राज्य असलेल्याने हात लावून ‘विष’ दिलं की पुतळा होऊन उभं राहायचं, मग आपल्यातल्या कोणी येऊन ‘अमृत’ दिलं की सुटका. मला विष कोणी देतच नाही. अमृत मात्र जो तो न मागता देऊन जातो. येता-जाता पाठीला हात लावतात, “सर, अमृत!” मी पुतळा झालेलो नसतो, तरीही. बटणाने तर आज चार-पाच वेळा दिलं.

घरी आलो तो इतका आनंदात, की हिला सगळं सांगून टाकलं. मी मैदानात उतरतो, पळतो, पोरांना सापडत नाही, सगळं. म्हटलं आता आकांडतांडव होणार. ती म्हणाली, “हो का? जपून हं,” आणि सुईत दोरा ओवत बसली. माणूस उगाच घाबरतो. किती समजूतदार आहे ही.

एकच खटकतं. पोरांना घाम येत नाही. मी जवळ गेलो की हळू होतात, चालायला लागतात. आदर असेल.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

वाईट दिवस.

मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावून चहा मागवला, तेव्हाच ओळखलं की पुढचं कडू आहे. “सर, पाचवी अ चा खेळ बघितलात?” म्हटलं, गोंधळ असतो नुसता. “तोच हवाय,” बाई म्हणाल्या. “तुमची मुलं खेळत नाहीत, फेरफटका मारतात.”

म्हटलं, माझ्या वर्गाला शिस्त आहे.

“दहा वर्षांची मुलं शिस्तीत पकडापकडी खेळायला लागली, तर काहीतरी बिनसलंय. परवा रॉकेट माझ्याकडे आला होता. म्हणतो, बाई, मला अ मध्ये सोडा ना खेळायला.”

रॉकेट! ज्याला मी उचलून उभं केलं!

बाई माझ्याकडे न बघता कप फिरवत होत्या. “चोवीस तारखेला पालक येणार. तोवर तुमची मुलं मोकळी पळताना दिसली नाहीत, तर पाचवी ब साठी मी बाहेरून क्रीडाशिक्षक आणते. तुम्ही निवांत बसा. यात कमीपणा काही नाही सर.”

मला हा तास सोडायचा नाही. हे मला आज, लिहिता लिहिता कळतंय. आजारपणानंतर घरी मी पेशंट, शिक्षकांच्या खोलीत पेशंट, रस्त्यात भेटणाऱ्याच्या ‘तब्येत कशी?’मध्ये पेशंट. दिवसातला हा एकच तास असा आहे, की त्यात मी पेशंट नसतो. तो गेला तर मला फार जड जाईल.

सोमवारी पोरांना दामटायचं ठरवलं आहे.

५ फेब्रुवारी, सोमवार

दामटलं. “पळा!” म्हणून ओरडलो. पोरं पळाली, पण माझ्यापासून लांब, टाकीच्या पलीकडे. तिथे खरंच पळत होती, ओरडत होती. मी तिकडे गेलो की सगळं मंद. मी इकडे आलो की तिकडे पुन्हा दंगा. असं दोन-तीनदा झालं. मग मी टाकीच्या कठड्यावर जाऊन बसलो. तिथे बटण आधीच बसली होती.

म्हटलं, “पळत का नाहीस गं?”

“पळून काय करू सर? कोणी पकडतच नाही.”

“मग चांगलंच की. मलाही पकडत नाहीत.”

तिने माझ्याकडे बघितलं, मग इकडेतिकडे बघितलं, मग आवाज अगदी बारीक केला. “सर, तुम्हाला माहीत नाही?”

“काय?”

“तुम्ही पण लिंबू आहात.”

मी हसलो. ती हसली नाही.

“काकूंनी मापं घेताना सांगितलं. सरांच्या हृदयात स्प्रिंग आहे, त्यांना दमवू नका, त्यांच्या मागे धावू नका, आणि त्यांना कळू देऊ नका. आम्ही सगळ्यांनी शपथ घेतली. रॉकेटला तर दोनदा मुद्दाम पडावं लागलं, त्याचं ढोपर फुटलं.” मग म्हणाली, “सर, तुम्हाला खरंच वाटायचं, की तुम्ही सापडत नाही?”

म्हटलं, “छे, छे.”

“मला बरं वाटलेलं. आधी मी एकटीच होते ना.” पाय हलवत म्हणाली, “लिंबू असलं की सगळे खेळतात आणि आपण नुसते तिथे असतो.”

मामांची बाटली, खुर्ची, भाजीची पिशवी, अमृत. सगळं एकदम डोक्यात आलं. घरी येऊन चोवीस जानेवारीचं पान वाचलं. कान गरम झाले. पान फाडणार होतो, पण ते डॉक्टरांना दाखवायचं आहे.

७ फेब्रुवारी, बुधवार

काल आणि आज खेळाच्या तासाला वर्गातच बसवलं आणि तहाची कलमं शिकवली. पोरं खिडकीतून बाहेर बघत होती. मीही. तास संपल्यावर रॉकेट टेबलाशी आला, उगाच डस्टर सरळ केला आणि म्हणाला, “सर, माझं पडणं खोटं वाटलं का?”

त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही. म्हटलं, ढोपराला औषध लाव.

घरी हिच्याशी बोलत नाहीये. तिला अजून कळलेलं नाही की मी बोलत नाहीये, कारण तिच्याकडे पँटांचा ढीग आहे.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज बोललो. ती मशीनवर होती.

“मला लिंबू केलंस तू,” म्हटलं.

तिचा पाय थांबला नाही. “कोणी सांगितलं?”

“अख्ख्या वर्गाला शपथ घातलीस. लहान लहान पोरं, माझ्यासमोर खोटं खोटं पडतात. काय किंमत राहिली माझी?”

“घातली शपथ,” ती म्हणाली. “परत घालीन.”

“माझ्या अब्रूचं काही?”

तेव्हा मशीन थांबली. “तुमची अब्रू? अहो, त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात फरशीवर पडलात, तुम्हाला पुढचं काही आठवत नाही. मला सगळं आठवतं. शेजारी कुलूप, गाडी मिळेना, आपल्या पोरीचा फोन लागेना. मी तुम्हाला हाका मारत होते आणि तुम्ही ओ देत नव्हतात. तुम्ही दवाखान्यातून आलात आणि तुमचं संपलं. माझं नाही संपलं. तुम्ही शाळेत जाता आणि मी फोनकडे बघत शिवते. परवा एका झग्याला दोन्ही बाह्या उलट्या लावल्या. मी! बाह्या उलट्या!”

मी तिला विचारलं, “कोणाचा झगा?”

“गणिताच्या बाईंचा.”

पहिल्यांदा ती हसली, मग मी. मग ती रडायला लागली आणि मी तिच्याजवळ स्टुलावर बसून राहिलो. मला इतके दिवस वाटत होतं की आजारी फक्त मी पडलो होतो. हे मी तिला तसंच सांगितलं. ती म्हणाली, उशिरा का होईना, कळलं.

नंतर बटणाचं सांगितलं. ती कठड्यावर काय म्हणाली, ते शब्द न् शब्द. ही बराच वेळ मांडीवरच्या कापडाच्या सुरकुत्या काढत राहिली. मग म्हणाली, “डॉक्टरांना विचारू. मी येणार. आणि प्रश्न मी विचारणार, तुम्ही गप्प बसायचं.”

१३ फेब्रुवारी, मंगळवार

छातीला वायरी लावून सरकत्या पट्ट्यावर चढवलं. पट्टा आधी हळू जातो, मग वेग घेतो, मग चढावर जातो. डॉक्टर कागद बघत होते, ही मला बघत होती, पर्स छातीशी धरून. शेवटी शेवटी पळावंच लागलं. लग्नानंतर इतक्या जवळून हिने मला पळताना पहिल्यांदाच पाहिलं असेल. “बरे पळता की,” म्हणाली.

डॉक्टरांचं म्हणणं : पळू दे. आधी चालून अंग गरम करायचं. दमलं की थांबायचं. छातीत दुखलं, गरगरलं, तर जागच्या जागी बसायचं आणि लगेच सांगायचं, लपवायचं नाही.

हिने विचारलं, “आणि तेव्हा मी तिथे नसले तर?”

“पस्तीस मुलं आहेत तिथे,” डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी डायरी मागितली, बरीच पानं उलटली आणि म्हणाले, “एवढं लिहायला नको होतं.” पण परत द्यायला वेळ लावला.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

वर्गात गेल्या गेल्या सांगून टाकलं, मला सगळं कळलंय. बटण बाकाखाली जायच्या बेतात होती. म्हटलं, तुम्ही माझी काळजी घेतलीत, असं मला आयुष्यात फार थोड्यांनी सांभाळलं आहे. मी विसरणार नाही. पण आता पुरे. आजपासून मला पकडायचं.

वकील उभी राहिली. “सर, आम्ही काकूंना शब्द दिलाय. तो काकूंनीच परत घ्यायला हवा.”

मी फोन लावून टेबलावर ठेवला. पोरं भोवती गोळा झाली. “काकू, सरांना पकडू का?”

पलीकडे मशीनचा आवाज थांबला. “पकडा,” ही म्हणाली. मग, “पण ढकलू नका.”

त्यावर जो दंगा झाला, तो ऐकून गणिताच्या बाई दारात आल्या.

मग वकील म्हणाली, नुसतं असं चालणार नाही, नियम पाहिजे. पाऊण तास चर्चा. ठरलं ते असं, की कोणी कोणाला लिंबू करायचं नाही. ज्याला व्हायचं त्याने स्वतः सांगायचं आणि वाटेल तेव्हा सोडायचं. दम लागला की कोणीही ‘टाइम प्लीज’ म्हणायचं, तेव्हा सगळ्यांनी असतील तिथे थांबायचं, आणि कोणी हसायचं नाही. रॉकेट म्हणाला, मला दम लागत नाही. वकील म्हणाली, लागेल.

बटणाने हात वर केला. “मला सोडायचंय लिंबू. पण माझी आई?”

संध्याकाळी हिला सांगितलं. ती म्हणाली, “ते माझ्यावर सोडा. तिची भाषा मला येते.”

२० फेब्रुवारी, मंगळवार

ही काल बटणाची पँट द्यायला म्हणून गेली, ती दिवे लागल्यावर आली. दोघी आधी रडल्या, मग चहा प्यायल्या, मग दोघींनी मिळून आम्हा सगळ्यांना नावं ठेवली. आज दोघी बटणाच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. तिला खेळू द्यायचं, खेळाआधी दम्याचा पंप घ्यायचा आणि तो जवळ ठेवायचा. हिने रात्रीचं जेवण लांबवून पँटला पंपाएवढा खिसा शिवला, वर झाकण, झाकणाला टिचबटण. मला दोनदा उघडझाप करून दाखवलं.

मी आज किती वेळा आऊट झालो ते लिहीत नाही. रॉकेटने ढोपराचा सूड उगवला. पोरं घामाने निथळत होती आणि मीही एकदा ‘टाइम प्लीज’ म्हणालो. सगळी थांबली. कोणी हसलं नाही. बरं वाटलं आणि थोडं रडूही आलं, पण घामात खपून गेलं.

२४ फेब्रुवारी, शनिवार

निकाल आधीच लिहून टाकतो : खेळाचा तास राहिला आणि पाचवी ब ला बाहेरून कोणी येणार नाही. मोठ्या बाई जाता जाता एवढंच म्हणाल्या, “सर, तुमच्या वर्गाची शिस्त पार गेली.” मी आभार मानले.

आता जे झालं ते.

पालक सायकलींच्या बाजूला उभे होते. ही बटणाच्या आईशेजारी. पायात कॅनव्हासचे बूट, खडी टोचते म्हणे. आमचा खेळ साखळीचा. ज्याच्यावर राज्य तो एकाला पकडतो, मग दोघं हात धरून तिसऱ्याला, असं करत साखळी वाढते. राज्य कोणावर ते ठरवायला पोरं गोल करून सुटली. एकेक सुटत गेला आणि शेवटी उरली बटण.

वकिलाने ओठ दाताखाली धरले होते, पण ‘राहू दे’ असं एकही पोर म्हणालं नाही. बटणाच्या आईने एक पाऊल पुढे टाकलं. हिने तिचं कोपर धरलं. हिचा स्वतःचा चेहरा पांढरा पडला होता.

बटणाने झाडाला डोकं टेकून दहा मोजले आणि वळली ती सरळ माझ्या दिशेने.

क्षणभर मनात आलं, जरा हळू पळावं. पोरीवर पहिल्यांदाच राज्य आलंय, तेही आईसमोर. मग माझी मलाच लाज वाटली, आणि मी जीव खाऊन पळालो. माझा गनिमी काव्याचा प्रयोगही केला, दोन पावलं डावीकडे, मग उजवीकडे. तिला तो पाठ होता. टाकीशी मला कोंडलं आणि तेवढ्यात थांबून ओरडली, “टाइम प्लीज!”

पस्तीस पोरं जागच्या जागी उभी राहिली. मीही, एक पाय पुढे टाकून. पालकही हलेनात. तिने झाकण उघडलं, पंप घेतला, श्वास धरला, सोडला. पुन्हा घेतला. आई चवड्यांवर उभी होती. बटणाने पंप खिशात ठेवला, टिचबटण लावलं, आणि म्हणाली, “चालू!”

मी वळायच्या आत पोटावर सणसणीत थाप बसली. “सर आऊट!”

इतक्या जोरात कोणी मला आजवर आऊट केलं नव्हतं. मी तिचा हात धरला आणि साखळी निघाली. तिच्या दुसऱ्या हाताला एकेक पोर लटकत गेलं. वकील सापडली, बाकीचे सापडले, रॉकेट तेवढा मोकळा हिंडत होता. तेव्हा बटणाने अख्खी साखळी वळवली आणि किंचाळली, “पालक पण!” वकील मागून ओरडली, “बसतं नियमात!”

पालकांची पळापळ झाली. आणि ही, पर्स बटणाच्या आईच्या हातात कोंबून, पळाली. हसत हसत, मागे बघत, झाडाच्या दिशेने, चांगली वेगात. मला ठाऊकच नव्हतं ती इतकी पळते. साखळीच्या या टोकाला मी होतो, माझा एक हात मोकळा होता. झाड हाताच्या अंतरावर असताना तिच्या खांद्याला हात लागला.

“आऊट!” मी म्हटलं. “हात दे.”

तिने हात दिला नाही. माझं मनगट धरलं, दोन बोटं बरोबर नाडीवर. साखळी पुढे ओढत होती, पोरं ओरडत होती, रॉकेट समोर वाकुल्या दाखवत होता.

“अगं, मोजतेस काय? पळ!”

“मोजत नाहीये,” ती म्हणाली. पण मोजत होती, ओठ हलत होते. मग मध्येच कुठल्यातरी आकड्यावर तिने मोजणं सोडून दिलं, बोटं खाली सरकवली आणि माझा हात हातात घेतला, आणि आम्ही दोघं रॉकेटच्या मागे पळालो.